एरंडोलच्या पुढे भेटलेल्या नानांना

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार. नाव लिहू का, असं निघताना विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, "नाव कसाले टाकतस?" म्हणून टाकत नाही. पण पत्र उघडंच लिहिते आहे, कारण त्या दुपारी तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळावं असं फार वाटतं.

गाडी आमची नव्हती, जर्मन पाहुण्यांची. १९८६ सालची फोक्सवॅगनची टी-थ्री, आत गॅसची शेगडी आणि झोपायचा पलंग. मी अजिंठ्यापासून त्यांची दुभाषी. जळगावात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागची एक रबरी नळी फाटली. तिथल्या एका गॅरेजने नवी बसवली, पाणी भरलं, "टाकी फुल्ल" म्हणून पैसे घेतले आणि आम्हाला धुळ्याच्या रस्त्याला लावलं. एरंडोल मागे पडलं आणि तापमानाचा काटा चढला, लाल दिवा लुकलुकायला लागला. तुमच्या केळीच्या बागेसमोर गाडी थांबली ती अशी.

"काय व्हयनं?" एवढंच विचारलंत. पाहुणे झाकण उघडायला धावले तेव्हा तुम्ही त्यांचा हात धरलात. तापलेल्या टाकीचं झाकण काढलं असतं तर उकळतं पाणी तोंडावरच आलं असतं. तासभर थांबायला लावलंत. काकूंनी ताक दिलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. पाहुण्यांनी ठेचा चटणी समजून चमच्याने खाल्ला, ते जाऊ द्या.

गाडी निवल्यावर तुम्ही आधी इंजिन शोधलंत पुढे, मग हसत मागे गेलात. इंजिन मागे आणि रेडिएटर थेट नाकाशी, मध्ये गाडीच्या पोटाखालून दोन लांब पाइप. थांबल्या थांबल्या मी पुढची जाळी चाचपून पाहिली होती, ती गारच लागली होती, हे मी सांगितलं. मागे पाणी उकळतंय आणि पुढे त्याचा पत्ताच नाही. पाहुण्यांनी गाडीचं पुस्तक काढून एक जर्मन शब्द दाखवला. त्याला मराठी शब्द मला सुचेना. तुम्ही चित्र बघून म्हणालात, "हवा काढनी पडी."

मग मला समजावलंत ते अजून आठवतं. विहिरीपासून केळीपर्यंतच्या मेन लाइनला जिथे उंचवटा असतो तिथे हवा साचून बसते, पुढे पाणी जाऊच देत नाही. म्हणून तिथे एअर व्हॉल्व्ह बसवतात. इथेही तेच. या गाडीत सोळा लिटरच्या वर पाणी मावतं. गॅरेजवाल्याने त्यातलं किती भरलं कोण जाणे, टाकी वरपर्यंत दिसली म्हणून पुढे उरलेली हवा त्याच्या ध्यानातच आली नाही. पाणीच पोचत नाही तर पुढचा पंखा तरी कशाला सुरू होईल? हवेला वर जायची खोड असते, तर तिला हवी तिथेच वर न्यायची.

ट्रॅक्टरने ओढून गाडी ट्रॉलीच्या मातीच्या चढावर घेतलीत, नाक वर, शेपूट खाली. पुस्तकात पुढचा भाग साधारण चाळीस सेंटिमीटर उचलायला सांगितलं होतं, तुमचा चढ बरोबर तेवढाच निघाला. बोअरचं पाणी ओतायला निघालेल्या मला थांबवलंत: ज्या क्षारांनी ठिबकच्या ड्रिपरची तोंडं बंद होतात ते या अॅल्युमिनियमच्या इंजिनात कशाला घालायचे? मुलगा पारोळ्याला मोटरसायकलवर गेला आणि बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन घेऊन आला. कूलंटच्या बाटल्या पाहुण्यांकडे होत्याच, निम्मं-निम्मं केलं.

मग खरी गंमत. बाहेर ४४ अंश आणि गाडीतला हीटर पूर्ण चालू, कारण हीटरच्या नळ्यांतही हवा अडकते. आत बसून पाहुणे अॅक्सिलरेटर दाबत होते, घाम नुसता निथळत होता. इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजाराच्या आसपास ठेवायचे, आणि गाडीत ते मोजायचं घड्याळच नाही. तुम्ही कानानेच सांगत होतात, "आजून... आजून... बस." मी मागे टाकीत ओततेय, तुम्ही रेडिएटरच्या माथ्यावरचा छोटा स्क्रू ढिला करून बसलेले. आधी नुसता फुसफुसाट. मग थुंकल्यासारखं पाणी, पुन्हा हवा, पुन्हा पाणी. आणि मग एकसलग बारीक धार, एकही बुडबुडा नाही. तुम्ही स्क्रू आवळलात, मी टाकीचं झाकण लावलं. साडेसात लिटर जास्तीचं गेलं होतं! थोड्या वेळाने पुढचा पंखा आपोआप सुरू झाला तेव्हा पाहुण्यांनी तुम्हाला मिठीच मारली, आणि तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मजुरी घेतली नाहीत. डिस्टिल्ड पाण्याचे पैसे तेवढे मुलाच्या हातात द्यायला लावलेत. दुसऱ्या दिवशी कोंडाईबारीचा घाट चढताना मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होते. तो मधेच राहिला, हलला नाही.

एक सांगायचं राहिलं. तुमचा निळा कॅन आणि तो लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर गाडीतच राहून गेला होता. पाहुण्यांनी नवापूरला उतरवून माझ्याकडे दिलाय. दिवाळीनंतर घेऊन येते. काकूंना सांगा, तेव्हा भरिताची वांगी निघालेली असतील.

तुमची,
ती दुभाषी