दूषित माती खोदण्याआधीच वेगळी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुना पेट्रोलपंप, गॅरेज, प्लेटिंगचा कारखाना किंवा ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीची शेड पाडून तिथे इमारत उभी राहते. पायाच्या खड्ड्यातून निघालेली माती डंपरने कुठल्या तरी सखल जागेत भराव म्हणून ओतली जाते. तिच्यात डिझेल, शिसे किंवा क्रोमियम असेल तर प्रकल्पाची जागा मोकळी होते आणि दुखणे भरावाखालच्या विहिरींच्या वाट्याला जाते.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. अशा मातीचा निर्णय पोकलेन आत येण्याआधी झाला पाहिजे, कारण खरे नुकसान मिसळण्याने होते. कोपऱ्यातली ५० घनमीटर खराब माती उरलेल्या ५०० घनमीटरमध्ये कालवली, तर रसायन एक ग्रॅमनेही घटत नाही. शुद्ध करायची माती मात्र ५५० घनमीटर होते. ‘मिसळून टाकू, प्रमाण खाली येईल’ हा साइटवर हमखास मिळणारा सल्ला म्हणूनच घातक आहे.

सुरुवात जागेच्या इतिहासापासून करावी. जुने नकाशे आणि परवाने पाहून जमिनीखालच्या टाक्या, पाइपांचे जोड, सांडपाण्याचे खड्डे कुठे होते ते आखून घ्यावे आणि तिथे बोअर घ्यावेत. वरच्या फूटभर मातीचा नमुना फारसे काही सांगत नाही. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलाच्या पातळीवर पसरते आणि पातळी वर-खाली होईल तसे मातीला फासले जाते. ट्रायक्लोरोइथिलीनसारखे जड द्रावक (ग्रीस विरघळवणारे रसायन) पाण्याखाली उतरून चिकणमातीच्या थरावर साचते. म्हणून वेगवेगळ्या खोलीचे नमुने हवेत.

नमुना कशात भरला यावरही निकाल ठरतो. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी काचेची बाटली काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली किंवा चार ठिकाणची माती घमेल्यात कालवून घेतलेली चाचणी ‘स्वच्छ’ येते, कारण रसायन वाटेतच उडालेले असते. वासावर तर मुळीच विसंबू नये. शिसे, आर्सेनिक आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे अतिविषारी रूप) यांना वास नसतो. हातात धरायचा पीआयडी मीटर वाफा दाखवतो, धातू दाखवत नाही.

खोदाई आखलेल्या हद्दीतच, साधारण ३० सेंटिमीटरच्या थरांनी करावी. खराब मातीचा ढीग जाड एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) शीटवर, भोवती बांध घालून, वर ताडपत्री बांधून ठेवावा आणि त्याला क्रमांक द्यावा. इथे एक चूक वारंवार होते. उकरलेली माती मातीच्या प्रकारानुसार २० ते ३० टक्के फुगते, हिशेब मात्र खड्ड्याच्या मापाने केलेला असतो. मग शीट अपुरी पडते, ढीग कडेवरून उघड्या जमिनीवर सांडतो आणि पहिल्या पावसात रसायन खाली झिरपते. खड्ड्यात साचलेले पाणीही पंप लावून गटारात सोडता येत नाही. ते आधी गाळ बसवण्याच्या टाकीतून आणि तेल विलगकातून न्यावे लागते. द्रावके असतील तर पुढे सक्रिय कार्बनमधूनही.

खड्ड्यात उतरणाऱ्या कामगाराच्या तोंडाला रुमाल बांधला की सुरक्षा झाली, ही समजूत मोडायला हवी. धुळीचा साधा मास्कही वाफा अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. पेट्रोलच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात, म्हणून उतरण्याआधी गॅस मीटरने हवा तपासावी. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी, लहान मुलांपर्यंत पोचते. साइटवरच कपडे बदलण्याची आणि हातपाय धुण्याची सोय हवीच.

प्रक्रिया रसायन पाहून ठरवावी. डिझेलची माती हवा, ओलावा, नत्र आणि स्फुरद पुरवून जिवाणूंकडून काही महिन्यांत सुधारता येते. धातूंवर तो उपाय चालत नाही. माती तापवून तेल आणि द्रावके निघतात, पण शिसे जागच्या जागी राहते आणि पारा वाफ होऊन हवेत जातो. सिमेंट किंवा चुन्याने शिसे पाण्यात उतरणार नाही असे मातीतच बांधता येते, मात्र चुना जास्त पडून सामू (पीएच) १२च्या आसपास गेला की तेच शिसे पुन्हा विरघळू लागते. हेक्साव्हॅलंट क्रोमियम आधी फेरस सल्फेटने त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी, करून घ्यावे, नुसते सिमेंट त्याला भरवशाने धरत नाही. धातू मातीत खरोखर बांधला गेला का, हे निक्षालन चाचणी (मातीतून काय विरघळून बाहेर येते त्याची तपासणी) सांगते. एक भाग मातीत वजनाने वीस भाग आम्लधर्मी द्रावण घालून सुमारे १८ तास फिरवतात आणि द्रावणात काय उतरले ते मोजतात.

बांधकामाने काय होऊ शकते हे अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलने दाखवले आहे. सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा पुरलेल्या त्या जागेत १९५०च्या दशकात शाळा, रस्ते आणि गटारे बांधताना वरचे चिकणमातीचे झाकण फुटले. १९७८मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली.

मूळ दोष निविदेत आहे. ‘माती उचलून नेणे, दर प्रति घनमीटर’ एवढाच मजकूर असेल तर जवळच्या ओढ्यात डंपर रिकामा करण्यातच ठेकेदाराचा फायदा राहतो. तपासणी, साठवण, वाहतूक आणि प्रक्रिया यांच्या बाबी निविदेत वेगळ्या असाव्यात. प्रयोगशाळा मालकाने नेमावी, ठेकेदाराने नव्हे. प्रत्येक खेपेच्या पावतीवर ढिगाचा क्रमांक, वजन आणि वेळ असावी, आणि देयक प्रक्रिया केंद्राच्या वजनकाट्याची पावती जोडल्यावरच निघावे. ओलाव्यामुळे वजनात थोडा फरक पडतो, अख्खी खेप गायब होत नाही.

काँक्रीट ओतण्याआधी खड्ड्याच्या तळाचे आणि चारही बाजूंचे नमुने पुन्हा तपासावेत. बाहेरून येणारा भराव त्याच्या मूळ जागीच तपासून घ्यावा. खोदकामाची परवानगी देणाऱ्या यंत्रणांनी जुन्या औद्योगिक जागांसाठी माती तपासणीचा अहवाल अर्जासोबतच मागावा. त्यासाठी अर्जात एक रकाना वाढवला तरी पुरे.

– पर्यावरण अभियंत्यांचा एक गट