कचऱ्याचे शुल्क घ्या, पण गरिबाची सवलत उपविधीतच लिहा

महोदय,

घरगुती कचरा उचलण्यासाठी दरमहा शुल्क घेण्याचा विषय मुंबईत अधूनमधून निघतो आणि 'शुल्क नकोच' या एका घोषणेवर थांबतो. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच कचरा करणाऱ्याने शुल्क द्यावे असे म्हटले होते. त्यामुळे ते कायमचे टळेल असे मला वाटत नाही. भांडायचे असेल तर कोणाकडून किती घेणार, यावर भांडले पाहिजे.

महापालिकेने एप्रिल २०२५मध्ये हरकतींसाठी ठेवलेल्या उपविधींच्या, म्हणजे महापालिकेच्या स्वतःच्या नियमांच्या, मसुद्यातले दर पाहा. ५० चौरस मीटरपर्यंतच्या (सुमारे ५४० चौरस फूट) घराला महिना १०० रुपये, ५० ते ३०० चौरस मीटरला (सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंत) ५०० आणि त्यापुढे १०००. म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांत पेन्शनवर राहणारे जोडपे आणि तीन हजार फुटांच्या फ्लॅटचा मालक, दोघांनाही पाचशेच! असला टप्पा कोणी आणि कशाच्या आधारे आखला, हे जाहीरपणे सांगायला हवे.

शंभर रुपये म्हणजे काही फार नाहीत, असे सहज म्हटले जाते. शहरात प्राधान्य कुटुंबाचे रेशन मिळायला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये आहे. अशा घराला वर्षाचे १२०० रुपये म्हणजे आठवडाभराच्या कमाईहून जास्त. शिवाय भांडुप-घाटकोपरच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांत गाडी वर चढत नाही. तिथल्या बायका कामावर जाताना पिशवी खालच्या कुंडीपर्यंत स्वतः नेतात. दारातून कचरा उचलला जात नसेल, तर दाराचे पैसे कसले?

सवलत कशी द्यायची हा प्रश्न अवघड नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना राज्य सरकारने २०२२मध्ये मालमत्ता कर माफ केला. हीच घरे १०० रुपयांच्या टप्प्यात येतात. कर माफ करून कचऱ्याच्या नावाने पुन्हा वसुली करण्यात काय अर्थ आहे?

पुण्यातले एक उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. तिथे २००८पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद घरोघरी कचरा गोळा करतात आणि त्यांची कमाई मुख्यतः घरांकडून मिळणाऱ्या शुल्कावर चालते. वस्तीतल्या घरांना दर कमी ठेवून महापालिका त्यापोटी अनुदान देते. हे अनुदान मला फार मोलाचे वाटते. ते नसेल तर गरीब घराला दिलेली सूट दुसऱ्या गरीब बाईच्या मजुरीतून जाते. मुंबईत सवलत दिली तर तिचा भार महापालिकेने अंदाजपत्रकातून उचलावा, सफाई कामगारांच्या वेतनाला हात लावू नये.

म्हणून मागणी अशी. ५०० फुटांपर्यंतच्या घरांना शुल्क शून्य ठेवावे, त्यावरचा प्रचंड टप्पा तोडून चार-पाच टप्पे करावेत, आणि अंत्योदय व प्राधान्य गटातील शिधापत्रिकाधारकांना घर कितीही फुटांचे असले तरी माफी द्यावी. ही माफी उपविधीतच लिहावी. उत्पन्नाचा दाखला काढा, अर्ज भरा, वॉर्ड ऑफिसात खेटे घाला, असे केले तर रोजंदारी बुडवून कोण जाणार? भाडेकरूंचा विचार तर मसुद्यांत नेहमीच राहून जातो. बिल घरमालकाच्या नावे येते, वसुली मात्र भाड्यातून होते. सवलत तिथे राहणाऱ्याला मिळावी, मग त्याच्या रेशनकार्डावरचा पत्ता गावाकडचा का असेना.

— एक भाडेकरू, भांडुप