समुद्र नसलेल्या नागपूरचा जहाजी कॉमेडियन

संपादक साहेब, नमस्कार.

मी मानेवाड्याचा, क्रूझवर स्टँडअप करतो, आणि घरी आलो की प्रत्येक जण विचारतो काहून बे, फुकटात जग फिरून राहिला का? फिरतो, पण खिडकी नसलेल्या केबिनमधून! संध्याकाळचा शो लहान पोरांसकट, रात्रीचा फक्त मोठ्यांचा, म्हणजे दोन वेगळे सेट पाठ पाहिजेत. राजकारण, धर्म बंद. समुद्र खवळला की माइकचा स्टँड हलतो, एकदा तर एका हाताने पडदा धरून पंच मारला, त्या पंचला टाळ्या नाही पण पडद्याला पडल्या. आणि शो पडला तर पळायला जागा नाही, सकाळी तेच लोक बुफेत आमलेटच्या लाइनीत आपल्यामागे उभे.

खरं लिहायचं ते वेगळंच. पहिल्या वेळी एका एजंटने माझ्याकडून "प्रोसेसिंग"चे पैसे घेतले आणि मी मुकाट्याने दिले, तेव्हा काय माहीत होतं. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात नोकरी लावून द्यायची फी कामगाराकडून घेता येत नाही, मेडिकल, सीडीसी (म्हणजे जहाजावर काम करायचं सरकारी ओळखपुस्तक), पासपोर्टचा खर्च तेवढा आपला. भरती एजंटला डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतुकीच्या खात्याचं, लायसन्स लागतं, यादी त्यांच्या साइटवर आहे. आपल्याकडची पोरं हॉटेल मॅनेजमेंट करून जहाजावर जातात, त्यांच्यासाठी हे एकदा ठळक छापा ना.

मारबतीच्या मिरवणुकीला सुट्टी मिळाली तर बडग्यांवरचे, म्हणजे त्यातल्या पुतळ्यांवरचे, टोमणे वाचायला येतोच, तिथं अजून खूप शिकायचंय.

— एक वाचक, नागपूर