तंत्र यूट्यूबवर शिकता येते, तर कपाटाला कुलूप कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील चित्रपटशिक्षणावरचा लेख काल वाचला. लेखकांची भाषा डौलदार आहे, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. मात्र ‘विद्यार्थ्याला आशय शिकवावा, तंत्र काय, तो यूट्यूबवर शिकून घेईल आणि उरलेले एआय सांभाळेल’ हा त्यांचा निष्कर्ष वाचून, हयातभर ध्वनिमुद्रण केलेल्या माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणे जड गेले.

गेल्या वर्षी एका खासगी चित्रपट-प्रशिक्षण संस्थेतील तीन मुले माझ्याकडे आली होती. त्यांनी भुदरगड तालुक्यातील एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित केल्या होत्या. विषय उत्तम होता, मुले मनापासून राबली होती आणि आजींनीही दोन तास दळत, न कंटाळता ओव्या म्हटल्या होत्या. म्हणजे लेखकांना हवा तो आशय ओतप्रोत होता. फक्त माइक कॅमेऱ्यावरच बसवलेला, कॅमेरा आजींपासून दहा फुटांवर आणि गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची पातळी, ऑटोवर. परिणामी आजी ओवीची ओळ म्हणू लागल्या की जात्याची घरघर दबे आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या की तीच घरघर उसळून अंगावर येई, कारण यंत्राला शांतता सहन होत नाही. आवाज कमी झाला की ते आपणहून पातळी वाढवते. चित्रीकरण चालू असताना कोणीही हेडफोन लावलेला नव्हता. जात्याची नुसती घरघर मिनिटभर वेगळी मुद्रित करून ठेवली असती, तर संकलनाच्या वेळी घरघरीचे हे चढउतार झाकता तरी आले असते. तेही कोणाला सुचले नव्हते.

यावर त्या मुलांनी लेखकांनी सुचवलेला उपायच आधी करून पाहिला होता. गोंगाट काढून टाकणाऱ्या एका एआय सॉफ्टवेअरमधून त्यांनी ते मुद्रण फिरवून घेतले. सॉफ्टवेअरने जात्यालाच गोंगाट ठरवले आणि जाते पुसून टाकले! उरल्या त्या पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू येणाऱ्या, तालाचा आधार गेलेल्या ओव्या. दळणाऱ्या हाताच्या लयीवर बांधलेल्या ओवीतून जातेच वजा केल्यावर कोणता आशय शिल्लक राहतो, हे लेखकांनी कृपया सांगावे.

मी मुलांना दोष देत नाही. त्यांच्या संस्थेत ध्वनी शिकवायला मीच एकदा गेलो होतो. मला दोन तास आणि एक प्रोजेक्टर मिळाला. रेकॉर्डर मागितला, तेव्हा ‘मुले मोडतात’ म्हणून तो कपाटात कुलूपबंद असल्याचे आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असल्याचे सांगण्यात आले. (त्याच रेकॉर्डरचे छायाचित्र प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत मुखपृष्ठावर आहे.) तेव्हा फळ्यावर माइकचे चित्र काढून, बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट केले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो, असे मी तोंडी सांगितले. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतले. पण हे कळते ते हातात बूम, म्हणजे माइक लावलेली लांब काठी, धरून एक पाऊल मागे सरकल्यावर, स्वतःच्या कानाने. घरात चित्रीकरण करताना फ्रिज बंद करावा आणि आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे निघताना फ्रिज पुन्हा सुरू करायचे विसरत नाही, ही आमच्या धंद्यातली साधी युक्तीसुद्धा कोणाबरोबर तरी काम केल्यावरच अंगवळणी पडते.

नवी यंत्रे मला वर्ज्य नाहीत. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डरमुळे पातळी चुकली तरी आता बरेच सावरता येते आणि मी ते आनंदाने वापरले आहेत. पण चुकीच्या जागी ठेवलेला माइक योग्य जागी नेऊन ठेवणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही.

लेखकांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा गौरवाने उल्लेख केला आहे. ही संस्था १९६० मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओत सुरू झाली आणि तिथे दिग्दर्शन, छायांकन, संकलन व ध्वनी यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, ते उगीच नव्हेत. प्रभातचे ध्वनिमुद्रण सांभाळणारे विष्णुपंत दामले त्याआधी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांबरोबर स्वदेशी कॅमेरा बनवण्याच्या खटपटीत होते, आणि याच दामल्यांनी फत्तेलालांसह १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. त्यांना आशय कमी पडल्याचे ऐकिवात नाही.

विषय निघालाच आहे म्हणून आपल्या शुक्रवारच्या चित्रपट-परीक्षणांविषयीही लिहितो. त्यांत ‘छायांकन नेत्रसुखद, पार्श्वसंगीत साजेसे’ हे वाक्य इतक्या नियमाने येते की छापखान्यात त्याचा ठसाच करून ठेवला असावा. ध्वनीविषयी मात्र अवाक्षर नसते आणि ध्वनिआरेखनाचे (साउंड डिझाइनचे) श्रेय सर्रास संगीतकाराच्या पदरात टाकले जाते. निदान श्रेयनामावलीतील ध्वनिमुद्रकाचे नाव छापण्याइतकी जागा परीक्षणात करता आली, तर पाहावे.

लेखाचा उत्तरार्ध येत्या रविवारी प्रसिद्ध होणार आहे. त्याआधी लेखकांना त्या ओव्या ऐकायच्या असल्यास मूळ मुद्रण आणि एआयने स्वच्छ केलेली प्रत, दोन्ही माझ्याकडे आहेत. हेडफोन मी देईन.

आपला,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक, कोल्हापूर