कारखाना त्यांना, आमच्याकडून पॅटर्नही परत

महोदय,

इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्याराज्यांत चाललेली चढाओढ पाहून लग्नाची बैठक आठवते. जमीन देतो, वीजदरात सूट देतो, कराचा परतावाही घ्या! देशात सर्वांत आधी, २०१७ मध्ये, इलेक्ट्रिक वाहन धोरण आणले कर्नाटकाने. पण ओला आणि एथर या बेंगळुरूच्या कंपन्यांनी स्कूटरचे कारखाने थाटले तमिळनाडूत, कृष्णगिरी आणि होसूरला. पुढच्या कारखान्यासाठी एथरने २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर निवडले.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) आहे. आमचे पोट इंजिनाच्या बिडाच्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर). इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, आणि मोटरचे आवरण बहुधा ॲल्युमिनियमचे, डाय-कास्टिंगवर, म्हणजे धातूच्या साच्यात दाबाने ओतून, निघणारे. ब्रेक ड्रम तेवढे आमच्या वाट्याला राहतील. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाईकाने आपला लाकडी पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतो तो नमुना) परत मागवला. पॅटर्न गेला की ते काम गेले. वाळू झटकून तो टेम्पोत चढवताना आमचा कोअरवाला (साच्यातला पोकळीचा गाभा करणारा) नुसता बघत उभा होता. कारण कोणी विचारले नाही. (चहा मात्र त्या दिवशी मालकाने पाजला.)

मोठा कारखाना बेळगावला येईल अशी माझी भाबडी अपेक्षा नाही. पण त्या सवलतींतला थोडा वाटा इथल्या लहान फाउंड्र्यांना एकत्र वापरता येईल अशा डाय-कास्टिंग केंद्रावर आणि कामगारांच्या प्रशिक्षणावर खर्च करायला काय हरकत आहे? नाहीतर सीमेपलीकडची शिनोळीची एमआयडीसी आम्हाला दुचाकीवरून गाठण्याइतकी जवळ आहेच, आणि तिथला पगार घ्यायला आम्हाला सीमावाद आड येत नाही.

– एक मोल्डर, उद्यमबाग, बेळगाव