एकोणिसावे प्रकरण

इंदूर,
4 डिसेंबर 2024

प्रिय मालू हिस,
सप्रेम सलाम.

तुझी दोन पत्रे आली, मध्ये तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि माझ्याकडून एका ओळीचेही उत्तर गेले नाही. त्यावर तू जे बोलली असशील ते मला इथे बसल्या जागी ऐकू आले आहे. माझी साखर होती तिथेच आहे, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा नाताळानंतर काढतील. आता मुद्द्याचे लिहिते, कारण ते तुझ्याखेरीज कोणाला सांगण्याजोगे नाही.

माझी बारावी कादंबरी एकोणिसाव्या प्रकरणात अडली आहे आणि तिला तिच्या नायकानेच अडवून धरले आहे. मुलगा इथल्या रामबाग मोहल्ल्यातला, बँकेत नोकरी करणारा, घरी दीड दिवसाचा गणपती. मुलगी आपल्यासारखीच मिशनच्या कंपाउंडात वाढलेली. पुढे काय होणार हे तुला तोंडपाठ आहे: सोळाव्या प्रकरणात गैरसमज, अठराव्यात आजारपण, एकोणिसाव्यात इस्पितळातल्या खाटेशेजारचा नवा करार तो सहज म्हणून उघडतो, विसाव्यात बाप्तिस्मा आणि एकविसाव्यात लग्न. अकरा वेळा हे असेच घडले. तूच एकदा म्हणाली होतीस की माझ्या कादंबऱ्यांतला देव वधूवर सूचक मंडळ चालवतो आणि फी म्हणून बाप्तिस्मा घेतो. त्यानंतर मी तुझ्याशी सहा महिने बोलले नव्हते. ते वाक्य मला सुचले नाही, याचाच खरा राग होता, हे आज कबूल करते.

या खेपेस तो पुस्तक उघडत नाही. चार वेळा लिहून पाहिले. एकदा त्याला ताप चढवला, एकदा त्याचा अपघात केला, एकदा त्याच्या आईलाच आजारी पाडले (तिचा काही दोष नसताना), आणि चौथ्या वेळी रात्री दोन वाजता खिडकीतून स्तोत्राचे सूर आणले. तो उठला, खिडकी लावली आणि झोपला. माझ्याच कागदावर, माझ्याच शाईने!

प्रकाशकांची अडचण निराळी आहे. आमच्या मध्य प्रदेशाच्या 2021 च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्याने 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना तसे कळवायचे असते, आणि धर्मांतर करण्याच्या हेतूने केलेले लग्न रद्दबातल ठरते. त्या 60 दिवसांच्या कलमावरून न्यायालयात वाद चालू आहे. म्हणून प्रकाशक म्हणतात, कथानक नगर जिल्ह्यात हलवा. नाहीतरी नगरचे अहिल्यानगर झाले आहे, तुम्हाला परके वाटणार नाही. त्यांना कसे सांगू की रामबागेतला मुलगा नगरला नेला तर तो पोह्यांवर आपला इंदुरी जिरावण मसाला मागेल आणि पहिल्याच पानावर पकडला जाईल? विसाव्या प्रकरणात नायक कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन उभा आहे, बाबू जेवायला गेला आहे, असेही मी गमतीने लिहून पाहिले, आणि मालू, आजवरच्या माझ्या लिखाणातला तो पहिला खरा प्रसंग निघाला. मात्र कायदा नसता तरी तो मुलगा वळला नसता. म्हणून मी कायद्याच्या आड लपत नाही.

कंपाउंडच्या वाचनालयातली ती कपाटे तुला आठवत असतील. अमेरिकन लेखिका ग्रेस लिव्हिंग्स्टन हिलबाईंची (1865–1947) पुस्तके आपण कोळशाच्या खोलीमागे बसून वाचली, आणि कोणत्या पानावर नायक गुडघे टेकेल यावर चिंचांची पैज लावली. शंभरावर कादंबऱ्या लिहिल्या त्या बाईंनी. पण नवरा वारला तेव्हा त्यांच्या पदरात दोन मुली होत्या आणि घर लेखणीवर चालवायचे होते. मला तीही सबब नाही, माझी पेन्शन येते. पुढे 1997 मध्ये कॅनडातल्या हार्लेक्विन प्रकाशनाने ख्रिस्ती प्रेमकथांची वेगळी मालाच काढली. आपले मिशनरीही कॅनडातूनच 1877 मध्ये इंदुरात आले, तेव्हा या बाबतीत त्या देशाने आपल्याला कशाचीच कमतरता पडू दिली नाही. या कथांत धागे दोनच: माणसाचे माणसावरचे प्रेम आणि माणसाचे देवाशी जुळणे. शेवटच्या पानापर्यंत दोन्हींची गाठ बसलीच पाहिजे. इतकी वर्षे मी ती गाठ न चुकता मारत आले, आणि उपासनेनंतर दाराशी टेबल मांडून पुस्तके विकत आले. नव्या पाळकबाई तर अकरा पुस्तकांत नायक-नायिकेचे हात किती वेळा एकमेकांना लागले हे मोजून बसल्या आहेत. प्रेमगीतांचे गीतरत्न पवित्र शास्त्रातच आहे, असे मी त्यांना म्हटले, तर म्हणाल्या, ते शलमोनाचे आहे, तुमचे नाही.

मग ही गाठ मुळात कोठे बसली होती, हे मी आपल्याच घरात शोधू लागले. मराठी कादंबरीचा आरंभ 1857 मध्ये बाबा पद्मनजींनी केला, म्हणजे वारसा काही हलका नाही. पण मला थांबवले ते लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तिथे प्रेमकथा संपली नाही, मोडली. बाई वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला आल्या. त्या मधल्या पाच वर्षांना माझ्या कादंबऱ्यांत जागाच नाही, कारण माझ्याकडे विसावे आणि एकविसावे प्रकरण एकमेकांना चिकटून असते. बायबलातल्या रूथचेही तसेच. ‘तुमचा देव तो माझा देव’ हे शब्द आपण लग्नात वाचतो, पण ती ते सासूला म्हणाली; तिचा पुढचा नवरा बवाज तेव्हा कथेत आलेलाही नव्हता.

आता जे लिहायला तीन दिवस घेतले ते लिहिते. खिडकी लावून झोपणारा हा मुलगा कोण, हे मला गेल्या रविवारी कळले. मागच्या नाताळात मी नागपूरला आले होते तेव्हा आपण दोघी चर्चमध्ये गेलो आणि तुझे अरविंदराव नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर स्कूटरवर वर्तमानपत्र उघडून बसले. मी खिडकीजवळ होते. गीत सुरू झाले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, गीत संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले, आणि पाळक बोलू लागताच त्यांनी पुन्हा पान उघडले. सदतीस वर्षांत ते आत आले नाहीत आणि एकाही रविवारी तुला सोडायला चुकले नाहीत. या माणसाला मी कोणत्या तापाने आत ओढणार होते?

1987 मध्ये तुमच्या लग्नाची नोटीस रजिस्ट्रारच्या फळ्यावर तीस दिवस लागली होती. ती वाचायला अख्खे कंपाउंड गेले. मी मात्र गेले नाही. मी तुला आंतर्देशीय पत्र पाठवले, त्यात करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातले, विश्वास न ठेवणाऱ्यांशी ‘विजोड होऊ नका’ हे पौलाचे वचन लिहिले आणि खाली लाल रेघ मारली. लग्नालाही आले नाही, परीक्षेचे कारण सांगितले. परीक्षा नव्हती. तू हे कधी काढले नाहीस. तुझी निळी साडी मी परत केली नाही हे मात्र दर वर्षी काढतेस. त्यानंतर मी अकरा कादंबऱ्या लिहिल्या, आणि आता वाटते की प्रत्येकीत मी अरविंदरावांना हाताला धरून फाटकाच्या आत आणत होते, म्हणजे माझी ती लाल रेघ बरोबर ठरावी. वचनावरचा माझा विश्वास ढळलेला नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर तू अप्पांच्या स्वरात ‘शेवटी आलीस ना वळणावर’ म्हणशील. रेघ मी मारली होती, पौलाने नाही, एवढेच.

मुलीला पुण्यात नोकरी लागली हे वाचून आनंद झाला, नातवाला दात आले हेही कळले. गुडघ्याचे व्यायाम टाळू नकोस. नाताळची शेव आणि करंज्या तुझ्या भाच्याबरोबर पाठवते, निळी साडीही त्यातच घालीन. ती विरली आहे.

तुझी परवानगी हवी आहे. नायक फाटकाबाहेर राहील, लग्न होईल, आणि प्रकाशकांना चालले नाही तर मी स्वतःच्या खर्चाने तीनशे प्रती काढीन. तू नको म्हणालीस तर हस्तलिखित कपाटात ठेवीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. हो म्हणणार असलीस, तर पावसाळ्यात अरविंदराव कोठे थांबतात आणि चहा कोठे घेतात ते मात्र नक्की लिही. माझ्या फाटकाबाहेर अजून छप्पर नाही.

तुझी,
सुमन