घरात दोन कारभारी

कुडाळ,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

सात-आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोनही चुकवले. उद्या करतो म्हणता म्हणता राहूनच गेलं. राग धरू नकोस. अण्णांची शुगर ताब्यात आहे, आईचा गुडघा आहे तसाच आहे.

आज लिहायला बसलोय ते 2006 सालच्या हॉस्टेलमधल्या भांडणाबद्दल. नेट बंद पडायचं तेव्हा मी तुझ्या केबलला दोष देत होतो. तू बरोबर होतास. तुझी केबल चांगली होती.

आता सगळं ऐक. आमचं घर तू पाहिलंयस, चिऱ्याच्या दीड-दीड फुटी भिंती. इंटरनेटच्या फायबरचा डबा पडवीत, माझं टेबल पार मागच्या खोलीत. तिथे वायफायची एक दांडी आली तरी नशीब. म्हणून गेल्या महिन्यात नवा राउटर आणला, वाशांवरून वीस मीटर केबल ओढली आणि मागे जोडून टाकला. संध्याकाळपर्यंत झकास चाललं. दुसऱ्या दिवसापासून भूत शिरलं. वायफाय जोडलेलं दिसतंय पण इंटरनेट नाही. आईचा मोबाईल चालतोय, त्याच खोलीत माझा लॅपटॉप बंद. पाच मिनिटांनी नेमकं उलटं.

लाइनवाल्याला बोलावलं. त्याने मीटर लावून फायबरमधून येणारा प्रकाश मोजला, मायनस 19 डीबीएम. "मायनस 27च्या खाली गेला तर सांगा, लाइनीत काही नाही," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी केबलच्या टोकांचे प्लग पुन्हा दाबून बसवले. शेजाऱ्यांच्या वायफायशी टक्कर नको म्हणून माझ्या वायफायचं चॅनेल 6वरून 11वर नेलं. काही उपयोग नाही. क्लायंटसमोर तिसऱ्यांदा कॉल तुटला तेव्हा साहेबांनी शांतपणे सांगितलं, गावाहून जमत नसेल तर पुण्याला परत या. त्या रात्री मला झोप नाही. मी गेलो तर रात्री-अपरात्री या दोघांना दवाखान्यात कोण नेणार, तूच सांग. तुझ्या वहिनीला पुण्यातली नोकरी सोडायला लावून इथे आणलं, ते कशासाठी?

आणि इथेच मी चुकलो. माझ्या लक्षात आलं की अण्णांनी टीव्ही लावला की माझा कॉल तुटतो. एकदा नाही, चार वेळा. मी बाहेर येऊन त्यांच्यावर ओरडलो. बंड्या, अण्णांवर. ज्यांनी आपल्या दोघांची फी भरायला... जाऊ दे, तुला ठाऊक आहे. ते एवढंच म्हणाले, "तुझा काम चलता मा? मगे ऱ्हवांदे तो टीव्ही." रिमोट कपाटावर ठेवला आणि पुढचे नऊ दिवस हात लावला नाही. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला नुसते पडवीत बसून राहायचे.

परवा रात्री ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता 192.168.1.1 टाकला, फायबरच्या डब्याचं लॉगिन पान आलं. वायफाय बंद करून पुन्हा जोडलं, तोच पत्ता टाकला, तर नव्या राउटरचं पान! बघतच राहिलो. मग कानात तुझाच आवाज आला, "अरे गाढवा, एका घरात दोन कारभारी!" लंब्या मध्ये पडला नसता तर मी तेव्हा तुला मारलंच असतं.

तेच झालं होतं. केबल डब्याच्या लॅनमधून, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या भोकातून, राउटरच्या लॅनमध्ये; दोघांचा पत्ता एकच, आणि डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायचं काम, दोन्हीकडे चालू. दोघेही येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ते वाटतायत. ज्याला बाहेर पडायचं दार म्हणून नवा राउटर सापडला तो आत अडकला, कारण त्याच्यामागे इंटरनेटच नाही. टीव्हीला एकाने 192.168.1.5 दिला होता. टीव्ही बंद असताना तो पत्ता मोकळा दिसतो, म्हणून दुसऱ्याने तोच माझ्या लॅपटॉपला दिला. अण्णांनी बटण दाबलं की दोघांची टक्कर. टीव्हीचा दोष नाही, अण्णांचा तर नाहीच.

नव्या राउटरचा पत्ता बदलून 192.168.1.2 केला, त्याचं डीएचसीपी बंद केलं, केबल लॅनमध्येच ठेवली. दहा मिनिटांचं काम. दोन दिवस झाले, एकदाही तुटलं नाही.

काल सकाळी अण्णांना सांगितलं, चूक माझी होती. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी मीच टीव्ही लावून रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी आवाज इतका बारीक ठेवला की आईला ऐकू येईना. अजून तसाच ठेवतात. मोठा करा म्हटलं तर विचारतात, "काम संपला तुझा?" ते काही माझ्याच्याने बघवत नाही रे.

तुझं नवं घर, धाकटीची दहावी, सगळं लंब्याकडून कळलं. सविस्तर लिही. मे महिन्यात सगळ्यांना घेऊन ये, आंबा-फणस आहेच, आणि अण्णा तुझं ऐकतात. तू शेजारी बसून आवाज वाढवलास तर ते काही म्हणणार नाहीत.

आणखी एक. केबलचा शेवटचा तुकडा घराबाहेरून, पागोळीखालून गेलाय. इथल्या वळवाच्या विजा तुला माहीत आहेत. तांब्याची तार काढून तिथे फायबर टाकू का? पाऊस लागायच्या आत कळव.

तुझा,
गोट्या